पुढचं मशीन

बातमी आली त्या दुपारी मी बैठकीच्या खोलीचे पडदे धुऊन पुन्हा लावत होते. एक हूक काही केल्या बसत नव्हता. फोन वाजला तर मी स्टुलावरून उतरलेसुद्धा नाही, वाकूनच घेतला. लेकीच्या कॉलेजमधून होता. सराव संपवून होडी उचलताना ती नदीकाठी कोसळली होती. हृदय बंद पडलं, म्हणाले. वीस वर्षांची होती.

त्या फोनमधली एक गोष्ट नंतर टोचत राहिली. त्यांनी आधी मला कळवलंच नव्हतं. अडीअडचणीला कुणाला बोलवायचं, त्या रकान्यात लेकीने माझा नंबर लिहिला नव्हता, तिच्या जोडीदारणीचा लिहिला होता.

त्यांच्या होडीत दोघीच बसत. पुढे माझी, तिच्या पाठीमागे ती. लेक तिला 'जोडी' म्हणायची. सुट्टीत घरी आली तरी तोंडात जोडीच. एकदा मी म्हटलं, मग तिलाच आई म्हण. लेक म्हणाली, नको, ती घोरते. मी हसले नव्हते.

तीन महिन्यांनी जोडीचा फोन आला. खेळाडूंच्या हृदयाची तपासणी व्हावी म्हणून कॉलेज निधी गोळा करणार होतं. सभागृहात दोन रोइंग मशीन ठेवणार, होडीतल्यासारखी एकामागे एक. पुढचं लेकीसाठी रिकामं. मागच्यावर जोडी चार वाजल्यापासून दोन तास वल्हवणार, आणि किलोमीटरमागे ज्याला जमेल तसं लोक देणार. लेकीचे बाबा आले नाहीत. मी गेले. खरं सांगते, कौतुकाने नाही गेले. माझ्या मुलीसाठी रडायला माझ्या पुढे कोण कोण उभं आहे, ते मला पाहायचं होतं.

आणि लोक खरोखरच आधी तिच्याकडे जात होते. तिच्या खांद्यावर हात ठेवत, मग मला नमस्कार करत.

या मशीनमध्ये एक पंखा असतो. दांडा ओढला की तो मोठा श्वास घेतो, सैल सोडला की सावकाश सोडतो. सभागृहात घामाचा आणि दुखण्यावरच्या मलमाचा वास भरला होता. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं, श्वास दोन येत आहेत. अगदी एका लयीत, पण दोन. पुढच्या मशीनचा दांडा जागेवर होता. त्याची बैठक मात्र रुळावर मागे-पुढे सरकत होती. मलमाच्या वासातून ओल्या केसांचा वास आला. तो मी कुठेही ओळखला असता.

तीन महिने मी तिच्या खोलीत, दार उघडं ठेवून झोपत होते. एकदाही आली नाही. इथे आली होती. हिच्यासाठी.

वेळ संपली. त्यांना वल्हवणं शिकवणाऱ्या सरांनी शिट्टी वाजवली, टाळ्या झाल्या, माणसं चहाला बाहेर गेली. जोडी थांबली नाही. पुढचा पंखाही नाही. सर म्हणाले, वाऱ्याने फिरत असेल. खिडक्या बंद होत्या. ते डॉक्टरांना बोलवायला धावले.

मी जवळ गेले. तिच्या तळहातांची सालटं निघाली होती.

"काकू... मला थांबता येत नाहीये."

दांडा सोड, मी म्हटलं.

"एकीने सोडलं की होडी गोल फिरते... ती थांबल्याशिवाय मी कशी थांबू? तुम्ही सांगा तिला. सरांनी थांब म्हटलं तरी ती आणखी दहा वल्ही मारायची. म्हणायची, मला फक्त आईचं 'पुरे' कळतं..."

माझ्या मुलीने हिला माझ्याबद्दल असं सांगितलं होतं. मी तिला ते पुन्हा म्हणायला लावलं. धापा टाकत ती पुन्हा म्हणाली.

मी तोंड उघडलं. मग मनात आलं, पुरे म्हटलं की लेक थांबेल. थांबली की जाईल.

मी एक खुर्ची ओढली आणि पुढच्या मशीनशेजारी बसले.

शेवटी जोडीच शुद्ध हरपून बैठकीवरून घरंगळली, तेव्हा कुठे दोन्ही पंखे शांत झाले. पण दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला ते पुन्हा सुरू झालं, आणि तेव्हापासून रोज होतं. डॉक्टरांना तिच्यात काही सापडत नाही. सरांनी सभागृहाला कुलूप लावून पाहिलं, तर ती दाराबाहेर फरशीवर बसून रिकामे हात ओढत राहिली. आता कुलूप लावत नाहीत. पोरगी निम्मी झाली आहे. हाताच्या पट्ट्या सुकत नाहीत.

गेल्या आठवड्यात तिची आई आली. माझ्याच वयाची. माझे दोन्ही हात धरून हलक्या आवाजात म्हणाली, "ताई, एकदाच म्हणाल का?" बघते, मी म्हटलं.

रोज पावणेचारला मी जाऊन बसते. ओल्या केसांचा वास येतो. 'पुरे' मी अजून म्हटलेलं नाही.