रिकाम्या गाडीचं वजन

माझी व्हॅन लिटरला चौदा देते. सतरा वर्षांची आहे, दार दोनदा ओढल्याशिवाय लागत नाही, पण चौदा म्हणजे चौदा. टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून भागाकार करायचा. माझ्या वहीत तारीख, किलोमीटर, लिटर आणि माणसं असे चार रकाने आहेत. पौडच्या बाजारात लोक हसतात. हसू देत. मीही त्यांना मनात तोलतच असतो. पतसंस्थेचे चेअरमन बसले की गाडी चढावर धापा टाकते. सोबत त्यांची बायको असली की तेच चेअरमन निम्मे होतात.

मुळशी धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या ते पौड, अशी माझी फेरी. मे महिन्यात चौदाचे साडेअकरा झाले.

वाजिदच्या गॅरेजात गेलो. त्यानं हवा बघितली, प्लग काढले, फिल्टर बदलला. चारही चाकं उचलून हातानं फिरवली. ब्रेक कुठं धरत नव्हता. टाकीखाली पुठ्ठा घालून गाडी दिवसभर उभी ठेवली. पुठ्ठा कोरडा.

"गाडी ठणठणीत हाय, अल्लाबक्षचाचा. तुमची वहीच बिघडली."

"वही बिघडत नाही."

"मग काय भरून फिरताय?"

"दिसतंय की. रिकामी आहे."

वाजिद खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला. "रिकामी गाडी अशी बसत न्हाई. तुमच्या सीटच्या मागं दोन बोटं दबलीय."

माझ्या सीटच्या मागं पूर्वी एक लाकडी फळी होती. ती मीच काढली होती.

पौडच्या अलीकडे खडीच्या क्रशरवर वजनकाटा आहे. दोन वर्षांपूर्वीची पावती माझ्याकडे होती: रिकामी गाडी, स्टेपनीसकट, आठशे वीस. आम्ही दोघं उतरलो. काट्यावरच्या भिकूनं आकडा वाचला. "आठशे पासष्ट."

वाजिदनं स्वतः जाऊन सीटखाली हात घालून पाहिलं. "चाचा, पंचेचाळीस किलोनं अडीच किलोमीटर जात न्हाईत. अजून कायतरी हाय."

अजून काय ते मी त्याला सांगितलं नाही. पंचेचाळीस हा आकडाही मला ओळखीचा होता, तेही नाही.

लिलाबाई वरच्या वाडीची. उन्हाळ्यात करवंदांची पाटी घेऊन पौडला यायची आणि त्या फळीवर बसायची. एकदा भातगिरणीच्या काट्यावर मी तिला चारचौघांत पाटीसकट उभं केलं. ती पस्तीस, पाटी दहा. "लिलाबाई, तुमच्यापेक्षा तुमची करवंदं बरी, निदान खाता येतात," म्हटलं. सगळे हसले. तीही हसली, पदर तोंडाला लावून. दुसऱ्या दिवशी मी फळी काढली. तेवढंच ओझं कमी.

ती गाडीची वाट बघायची ते जांभळाचं झाड नेमकं चढावर. तिथं थांबलं की पुन्हा पहिला गिअर, पुन्हा पेट्रोल. पाचही बोटं मिटून हात वर केला की आमच्या रस्त्यावर त्याचा अर्थ होतो, गाडी फुल्ल. काचांना काळी फिल्म आहे. बाहेरून आतलं दिसत नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी वाडीत लग्न होतं, कुणीच निघालं नव्हतं. झाडाखाली एकटी ती. तिनं हात केला. मी बोटं मिटून दाखवली.

ती चालत निघाली. चार किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला, पाटी मांडीवर घेऊन बसलेली सापडली. ऊन लागून गेली, म्हणाले.

तिचा मुलगा नथू पौडला बांधकामावर जातो, माझ्याच गाडीनं. त्यानं एकदाच विचारलं, "चाचा, गाडी खरंच भरलेली व्हती?"

"मुंगी शिरायला जागा नव्हती रे."

वहीत मात्र त्या दिवशी माणसांच्या रकान्यात शून्य आहे. वहीशी खोटं बोलायची मला सवय नाही.

वाजिदबरोबर वजन केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून फळी काढली, पुसली, जागेवर बसवली. सकाळी रिकामीच गाडी घेऊन जांभळाच्या झाडाशी थांबलो. दार उघडलं, थोडं थांबलो, बंद केलं. दार एका ओढीत लागलं.

काट्यावर आठशे पासष्टच; फळीचा किलोभर खडीच्या काट्याला कळत नाही.

परतीला उन्हं कलली होती. गाडीत फक्त नथू, पुढं माझ्या शेजारी. क्रशरवर गाडी वळवली तसा तो म्हणाला, "हितं कशाला?"

"उतर जरा."

आम्ही उतरलो. भिकूनं खिडकीतून ओरडून आकडा सांगितला. "आठशे पंचावन्न! सकाळपास्नं धा कमी!"

दहा. पाटी खपली होती.

मी वही काढली, ते पान उघडलं आणि नथूपुढं धरलं. तो सातवी शिकलेला आहे. रकान्यावरून बोट फिरवत शून्यापाशी आला आणि थांबला.

"रिकामी व्हती," तो म्हणाला.

"व्हय."

त्यानं मला शिवी दिली नाही. तो गाडीपाशी गेला, दार सरकवलं आणि फळीकडे बघून हळूच म्हणाला, "चल आये. आपुन चालत जाऊ."

मी काट्याच्या आकड्यांकडे बघत होतो.

आठशे वीस.

गाडीची मागची बाजू दोन बोटं वर आली. स्प्रिंग कुरकुरली, कुणी उतरल्यावर कुरकुरते तशी.

त्याला दोन महिने झाले. व्हॅन पुन्हा चौदा देते. वाजिद म्हणतो, फिल्टरचाच दोष होता.

नथू आता रोज चालत जातो, चालत येतो. कंबरेत वाकून, दोन्ही हात पाठीमागं गुंफून, जपून पावलं टाकत. जांभळाच्या चढावर मी त्याच्याजवळ थांबतो, रोज थांबतो, दार उघडतो आणि म्हणतो, "नथू, बस."

तो माझ्याकडे बघत नाही. पाठीमागचा एकच हात सोडवतो, दुसऱ्यानं घट्ट धरून ठेवतो, आणि पाचही बोटं मिटून मला दाखवतो.