घाटाचा गिअर

अमरावतीला राजापेठेत सूर्यभानच्या गॅरेजसमोर जमुनाच्या सायकलची चेन उतरली, ती चौसष्ट सालच्या जानेवारीत, संध्याकाळी साडेचारला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्याच घटकेला सूर्यभान अख्ख्या राजापेठेला ऐकू जाईल अशा आवाजात एक चुकीची गोष्ट सांगत होता.

गोष्ट त्याच्या मोटारीची होती. उघड्या टपाची, दोन दारांची ही मोटार एका इंग्रज साहेबानं देश सोडताना दर्यापूरच्या खुशालरावांकडे ठेवून दिली होती. खुशालरावांनी तिच्यात बारा वर्षं कोंबड्या ठेवल्या. पुढे कोंबड्याही बसेनात, तेव्हा ती सूर्यभानला देऊन टाकली. सूर्यभाननं तीन वर्षं खपून तिला अशी काही उभी केली की खुशालरावांना ती परत हवीशी वाटू लागली. मागणं बरं दिसेना, म्हणून त्यांनी नवी घेतली आणि जाहीर केलं, की अमरावती ते अकोला हे साठ मैल माझ्याआधी गाठील असा माणूस वऱ्हाडात जन्माला यायचाय. सूर्यभान म्हणाला, आलाय. रविवार ठरला. राजापेठेला पुढचे दोन आठवडे दुसरा विषय नव्हता.

तर मागचं एक चाक जॅकवर उचलायचं, त्यावर खडूची खूण करायची, चाक फिरवायचं आणि इंजिनाकडून येणारा खालचा शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोजायचं, फेरे जितके कमी तितकी गाडी सपाटीवर जोरात पळणार, ही युक्ती सूर्यभानला एका ट्रक ड्रायव्हरनं सांगितली होती. अर्धीच सांगितली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"दोन," तो जमलेल्या मंडळींना म्हणाला. "चाकाच्या एका फेऱ्याले शाफ्टचे दोनच फेरे. हे मोटार नाई, विमान हाये."

"दुसरं चाक भुईवर हाये," मागून आवाज आला.

त्यानं वळून पाहिलं. हातात सायकल, खांद्यावरून पुढे आलेली वेणी, आणि नुकत्याच गेलेल्या कापसाच्या गाड्यांचा एक पांढरा पुंजका त्या वेणीवर निवांत बसलेला.

"एकच चाक उचललं असंन तर दोनदा फिरवा लागते," ती म्हणाली. "नाईतर हिशेब अर्धाच येते. तुमचे दोन नाई, चार हायेत... आता माझी चेन बसवून देता काय?"

सूर्यभाननं दोनदा फिरवून पाहिलं. चार आले, खरं तर चाराला जरासे कमी. मंडळी हसली. तोही हसला, कारण ती हसत नव्हती आणि कोणीतरी हसायलाच हवं होतं.

जमुना तेल्हाऱ्याच्या कापसाच्या जिनिंगमधल्या डोमाजी फिटरची मुलगी. पुली आणि पट्टे पाहत वाढलेली, आता अमरावतीच्या एका शाळेत तात्पुरती गणिताची मास्तरीण. तिच्या सायकलची चेन त्या आठवड्यात आणखी तीनदा उतरली. चेनचा ताण सूर्यभानच नीट करून देत होता, त्यामुळे हे कसं व्हायचं, यावर राजापेठेत बरीच चर्चा झाली.

अकोल्याच्या भंगारबाजारातून सूर्यभाननं मागच्या आसाच्या गिअरची, म्हणजे दातेरी चाकांची, दुसरी एक जोडी आणून ठेवली होती. जमुनानं तिचे दात मोजले. लहान चाकाला नऊ, मोठ्याला शेहेचाळीस. म्हणजे पाच आणि वर थोडं.

"हे घाटाची जोडी," सूर्यभान म्हणाला. "चढावर बकरीवाणी चढते. पण सपाटीवर चाळीसच्या पुढं गेली का रडाले लागते. अन् गाडीत हाये ते सपाटीची. अकोल्याच्या रस्त्यावर पळते, पण चढ दिसला का धापा टाकते."

"दोन्ही नाई ठेवता येत?"

"एकच ठेवता येते. अन् बदलायची म्हणजे तीन दिवसांचं काम."

"मंग निवडा लागते माणसाले," ती म्हणाली आणि वेणी मागे टाकली. सूर्यभान पान्हा शोधू लागला. पान्हा त्याच्या हातातच होता.

गॅरेजच्या दारावर तिनं खडूनं आकडेमोड मांडली. सपाटीच्या जोडीवर अकोला अठ्ठावन्न मिनिटांत. सूर्यभाननं ते वरून खाली तीनदा वाचलं, तेव्हा तिला वाटलं काही चुकलं.

"इतकं बरोबर मी कधी काई पाह्यलं नाई," तो म्हणाला.

"कागदावर म्हशी आडव्या येत नाईत," ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दोघांच्याही घरची माणसं छप्पन साली नागपूरला दीक्षेला जाऊन आलेली. त्यामुळे घरच्यांची अडचण नव्हती. अडचण सूर्यभानच्या तोंडाची होती. इंजिनाविषयी ते तासभर चाले. इतर बाबतीत सुरूच होत नसे.

बुधवारी जमुना आली ती चेन शाबूत असताना. हातात सरकारी लिफाफा. कायमची नोकरी लागली होती, घाट चढून वर, चिखलदऱ्याच्या शाळेत. रविवारी निघायचं, सोमवारी रुजू व्हायचं.

"बरं," सूर्यभान म्हणाला.

ती थांबली. चांगली मिनिटभर थांबली.

"हवा चांगली असते तिकडची," तो म्हणाला.

"ऐकलंय," असं म्हणून तिनं सायकल वळवली.

गुरुवारपासून गॅरेजचं दार बंद. आतून ठोकाठोकी ऐकू येई. मंडळी म्हणाली, शर्यतीची तयारी चाललीय.

रविवारी सकाळी खुशालराव मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दाखवत हजर झाले. गर्दी जमली. एसटी स्टँडकडे निघालेला एक टांगाही गर्दीपाशी थांबला, आणि ट्रंक त्यातच ठेवून जमुना खाली उतरली. निरोप तर घ्यायला हवा.

सूर्यभानची मोटार दाराशी उभी होती. मागचं एक चाक अजून जॅकवर.

"बाई," तो म्हणाला, "जाता जाता एकदा मोजून देता काय?" आणि खडू पुढं केला.

ती खाली बसली. खूण केली. चाक दोनदा फिरवलं, नजर शाफ्टवर. मग पुन्हा दोनदा. पाच... आणि वर थोडं. तिनं मान वर केली तेव्हा डोळे मोठे झाले होते.

"हे घाटाची जोडी हाये. याच्यावर अकोल्याले हरसान तुमी."

"हो." तो खुशालरावांकडे वळला. "खुशालराव, तुमी जितले. मी येऊन नाई राहिलो."

तीन वर्षं खपून हाताशी आलेली गोष्ट त्यानं दोन वाक्यांत सोडली. खुशालरावांना इतकं सोपं जिंकणं आवडलंच नाही.

"काहून पण?" जमुनानं हळूच विचारलं.

"दर रविवारी घाट चढायचा हाये मले."

"हे अर्धंच झालं," ती म्हणाली. तिचा हात अजून चाकावर होता. "दोनदा फिरवा लागते."

सूर्यभाननं घाम पुसला. ग्रीस कपाळभर झालं.

"डोमाजींले भेटाले तेल्हाऱ्याले येऊ काय? ...तुमाले मागाले."

जमुना उठली. पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचं ग्रीस पुसायला गेली, अख्खी राजापेठ पाहतेय हे ध्यानात आलं, आणि तरीही पुसलं.

"या," ती म्हणाली. "पण तेल्हाऱ्याचा रस्ता सपाट हाये, अन् या जोडीवर तुमाले दुपार होईन. बाबाले कळवते, जेवाले थांबा म्हणून."