पुढे चालणारी

त्याने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही, माझ्या बुटांकडे पाहिलं.

“नाड्या पुन्हा बांधा, बाई. वाटेत सुटल्या तर दात पडतील.”

“जे पडायचे ते कधीच पडलेत,” मी म्हटलं. “उरलेत ते चावायला ठेवलेत.”

तो हसला नाही. डोळ्यांच्या कडेला जरासं… काहीतरी हललं, तेवढंच. आमचा वाटाड्या तो. उन्हाने रापलेला, माझ्याच वयाचा, एकेक शब्द उसना आणल्यासारखा बोलणारा.

माथ्याखालच्या मुक्कामाच्या झोपडीपर्यंत चढायचं खूळ माझ्या मुलाचं. तो वर्षभर मागे लागला होता, आई, गुडघे गेले तुझे, आता दुकान बंद कर. गाद्यांचं दुकान आहे माझं. नवरा गेल्यावर कापूस पिंजून पोरं वाढवली मी त्यात. म्हटलं, मीही येते डोंगरावर. माझ्या पायांनी वर पोचले तर दुकानाचं नाव काढायचं नाही. कोणाला माझा हात धरावा लागला, तर दुकानाला कुलूप.

निघताना वाटाड्याने बोट केलं. “बाई पुढे. मी त्यांच्या मागे. तुम्ही दोघं शेवटी.”

मी मनातून अशी फुगले म्हणता… धडधाकट मुलगा आणि सून मागे, आणि मी पुढे. माणूस पारखता येतो याला, म्हटलं. अधूनमधून मागच्यांना ऐकवतही होते, “गोगलगायी झाल्यात का? पाय उचला.” सून बिचारी “हो आई” म्हणायची.

ओढा ओलांडला, कातळात ठोकलेल्या साखळीला धरून चढले. पाठीमागून त्याचा आवाज यायचा. “डावा दगड घ्या.” “तो नको, हलतो.” दुपारी धुकं उतरलं, ओल्या गवताचा वास आला. पुढे दिसेना, पण तो आवाज होता…

मग खडीचा उतार आला. माझा पाय सटकला, गुडघा टेकला. त्याचा हात झटकन पुढे आला — आणि हवेतच थांबला. पैज त्याला ठाऊक होती.

माझी मी उठले. “पडू दिलं असतंत?”

“गुडघा टेकू दिला. पडू दिलं नसतं.”

“आणि माझं दुकान?”

“तुम्ही शिव्या दिल्या असत्या. मी ऐकल्या असत्या.”

दिवस मावळायच्या आत झोपडी आली. आत शेगडी पेटलेली, तारेवर ओले मोजे. मुलगा पायांवर पडला माझ्या. “जिंकलीस, आई. दुकान तुझं.” मग जेवता जेवता हसत म्हणाला, “आणि वाटभर दटावत काय होतीस? अगं, जो सगळ्यांत हळू चालतो त्याला पुढे ठेवतात, म्हणजे कोणी मागे राहत नाही. नियमच आहे यांचा.”

मी ताट बाजूला सारलं. सुनेने नवऱ्याला कोपर मारलं, पण बोलून झालं होतं. मी उठून बाहेर आले. तो लाकडं फोडत होता.

“दिवसभर हसं केलंत माझं.”

कुऱ्हाड थांबली.

“माझी बायको हळू चालायची,” तो म्हणाला. “मी पुढे असायचो. एकदा वळून पाहिलं… तर मागे नुसतं धुकं.”

“सापडली?”

“सापडली. पण उशीर झाला होता.”

मी वाकले. खाली पडलेलं लाकूड उचललं, ढिगावर ठेवलं.

“म्हणजे मी तुमच्या जिवाला घोर.”

“निघताना होतात,” तो म्हणाला. “साखळीपाशी वाटलं, ही वाट लवकर संपू नये.”

माझे कान तापले. या वयात. मी घाईघाईने म्हटलं, “आतल्या गादीत ढेकळं आहेत. कोणी भरली?”

“मीच.”

“तरीच.”

“खाली घेऊन आलो तर… भराल?”

“दुकान उघडंच असतं माझं,” मी म्हटलं. “उद्यापण, परवापण.”

सकाळी धुकं होतंच. मुलगा म्हणाला, “आई, आज तू मध्ये चाल. काल उगाच बोललो मी.”

मी खाली वाकले, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा घट्ट बांधल्या आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.

वाटाड्या माझ्या मागे येऊन थांबला. हळूच म्हणाला, “नियम कळलाय ना आता?”

“कळलाय,” मी म्हटलं. “म्हणूनच.”

आणि चालू लागले. हळूहळू… जमत होतं त्याहून जरा जास्तच हळू.