बर्फातला खुंटा

समुद्राचा जुना हिशेब बर्फात गाडलेला होता, आणि तो वर काढायला तिघं निघाले होते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ बर्फाचा एक भलामोठा घुमट आहे. त्याच्यावर दर साली नवा थर चढतो आणि वाऱ्यानं आणलेलं समुद्राचं मीठ त्या थरात अडकून बसतं. कुठल्या काळी समुद्र कुठवर गोठला, कधीपासून त्याचं वागणं बदललं, ते त्या मिठावरून ताडता येतं. समुद्र बदलतोय, असं सगळेच म्हणत होते. कधीपासून आणि किती, असं विचारलं की मात्र जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचा!

मोहिमेच्या प्रमुख वत्सला मॅडम अंगानं एवढ्याशा, केस पांढरे, जीभ फटकळ. पण बाकीच्यांच्या हातात चहा पडल्याशिवाय त्यांनी स्वतःचा कप कधी उचलला नाही. याच घुमटावर त्या आधी दोनदा येऊन हात हलवत परतल्या होत्या. एकदा ड्रिल खोलात अडकलं, एकदा वादळानं तंबूच नेला. आता निवृत्ती दारात उभी होती. ही शेवटची खेप, हे त्या बोलून दाखवत नव्हत्या आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यांच्या हाताखाली संशोधन करणारी रेश्मा मुरबाड तालुक्यातली, म्हशाजवळच्या खेड्यातली. ड्रिल सांभाळणारा इंजिनीअर संदेश कसाऱ्याचा. जहाजावर ओळख झाल्यापासून दोघांचं एकमेकांना चिमटे काढणं चालूच होतं.

आठवड्यांमागून आठवडे ड्रिल बर्फात उतरत राहिलं आणि हातभर लांबीच्या बर्फाच्या कांड्या वर येत राहिल्या. हेलिकॉप्टर येऊन त्या घेऊन जायचं. अगदी शेवटी, तळाजवळची एक कांडी वर आली आणि तिघंही तिच्यावर वाकले. पांढऱ्याशुभ्र बर्फात एक काळी रेघ होती. ज्वालामुखीची राख! खालचे थर इतके दबलेले असतात की मोजता येत नाहीत. पण हा ज्वालामुखी कुठल्या साली फुटला ते शास्त्रज्ञांना माहीत होतं. या एका रेघेवर बाकीच्या सगळ्या कांड्यांच्या तारखा ठरणार होत्या. ती नसती तर इतक्या वर्षांच्या मेहनतीला काळवेळच उरली नसती.

"हितं बी कुणी राब भाजलाय वाटतं," संदेश म्हणाला.

"तुला रं काय ठाव राब?" रेश्मा हसली. भात पेरण्याआधी बाबा शेतात पालापाचोळा जाळायचे, तेव्हा जमिनीवर अशीच काळी पापडी उरायची.

"का गो? आमची बी भातशेती हाय. वर रेल्वे हाय. तुमच्या मुरबाडला अजून रूळ नाय."

मॅडमनी कांडीवरून हातमोज्याचं एक बोट हलकेच फिरवलं. डोळ्यांत आलेलं पाणी पापण्यांवरच गोठलं, ते त्यांनी पुसलंही नाही. रेश्माला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

मग हवा बिघडली. हेलिकॉप्टर येणं शक्य नाही, असा रेडिओवर निरोप आला. त्या रात्रीच्या वाऱ्यानं तंबूचा एक खांब मोडला, कापड टरकावलं. मोठं वादळ मागून येतच होतं. फाटक्या तंबूत त्याची वाट बघत बसणं म्हणजे मरणच. खडकांच्या डोंगराजवळ मुख्य तळावरची बर्फगाडी थांबली होती, भेगांमुळे तिला पुढे येता येत नव्हतं. तिथवर चालत जायचं ठरलं. ड्रिल तिथंच ठेवलं. राखेची कांडी अॅल्युमिनियमच्या जाड नळकांड्यात घालून प्लास्टिकच्या हलक्या घसरगाडीवर बांधली. एकाच दोरानं तिघांनी स्वतःला जोडून घेतलं. पुढे संदेश, मध्ये रेश्मा, मागे घसरगाडी ओढत मॅडम.

सगळीकडे पांढरं. आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते, याचा पत्ता नाही. बर्फाला ठिकठिकाणी विहिरीसारख्या खोल भेगा आणि त्यांच्यावर भुसभुशीत हिमाचं झाकण. संदेश काठी खुपसून चाचपत पाऊल टाकत होता.

काठी घट्ट बसली. त्यानं पाऊल टाकलं. झाकण फुटलं!

रेश्मानं फक्त टोपी नाहीशी होताना पाहिली. दोराला हिसका बसला. ती तोंडावर आपटली, फरफटत निघाली. भेग जवळ येतेय! तिनं हातातली बर्फाची कुऱ्हाड खाली रुतवली, वर छाती दाबली. घसरली. पुन्हा घसरली. थांबली!

"संदेश!"

मग खोलातून आवाज आला, "हाय मी. हात मोडलाय बहुतेक. जास्त येळ नाय टिकायचो गो."

रेश्माला हलता येत नव्हतं. ती उठली असती तर दोघंही गेले असते. तिनं भार पेललाय याची खात्री करून मॅडम रांगत पुढे आल्या. आता दोर कशाला तरी पक्का बांधायचा, मगच संदेशला ओढायचं. त्यांनी लोखंडी मेख ठोकली, दोर ताणला. मेख लोण्यातून निघावी तशी वर आली. हिम साखरेसारखं कोरडं होतं.

"उभं काही धरणार नाही," मॅडम म्हणाल्या. "आडवं पुरायला हवं. लांब काहीतरी."

हे दोघींना माहीत होतं. मोहिमेआधीच्या प्रशिक्षणात शिकवलं, तेव्हा रेश्माला हसू फुटलं होतं. म्हशाच्या जत्रेत नांगरलेल्या मऊ वावरात बैल बांधायचा, तर तिचे बाबा कोंडूशेठ तेच करायचे. चर खणायचा, लाकडाचा खुंटा आडवा पुरायचा, मधोमध दोर. बैल कितीही उधळला तरी सुटत नसे. पण इथं लाकूड कुठलं? प्लास्टिकची घसरगाडी वाकली असती. मॅडमची कुऱ्हाड भेगेच्या काठावर दोराखाली लागणार होती, नाहीतर दोर काठ कापत आत रुतला असता. लांब आणि भक्कम अशी एकच वस्तू होती.

रेश्माला ते तोंडातून काढवेना. कुणाला सांगायचं, की तुमचं आयुष्य या खड्ड्यात पुरा?

तिनं मान वळवली, तर मॅडम घसरगाडीचे पट्टे सोडतच होत्या. चेहऱ्यावर ना चलबिचल, ना दुःख. चर खणला, नळकांडं आडवं ठेवलं, मधोमध दोराचा फास घातला, वर हिम लोटलं, बुटांनी दाबलं. दोर ताणला. नळकांडं सरकलं. चराची कड ढासळली.

"मॅडम, पाणी मारायला लागतं!" रेश्मा ओरडली. "बाबा मारतात. पाणी मारून तुडवतात, मग बसतो खुंटा."

"पाणी कुठंय इथं?"

"चहा हाय."

मॅडमनी चराकडे पाहिलं. गरम चहा, आणि खाली ती कांडी! मग त्यांनी थर्मास उघडला आणि सगळा चहा हिमावर लांबवर शिंपडला. वाफ उठली. त्या नाचल्यासारख्या पाय आपटत तुडवत राहिल्या. बघता बघता चहा गोठला, तांबूस दगड झाला. दोर ताणला. हललं नाही! आणखी ताणला. हललं नाही!

भार खुंट्यावर गेला. रेश्मा मोकळी झाली. मॅडमची कुऱ्हाड काठावर दोराखाली सरकवली, कप्प्या अडकवल्या, दोघी ओढू लागल्या. थोडा दोर यायचा, दम लागायचा, पुन्हा ओढायचं. खालून संदेश एका हातानं भिंतीला धरत पायांनी रेटा देत होता. अखेर त्याची बर्फानं माखलेली टोपी काठावर दिसली. दोघींनी त्याला पट्ट्याला धरून बाहेर खेचलं.

तो कुडकुडत होता. रेश्मानं पिशवीतून बाबांनी जत्रेत घेतलेली घोंगडी काढून त्याच्याभोवती गुंडाळली. मग ती वळली आणि नळकांड्यावर कुऱ्हाड चालवू लागली. गोठलेल्या चहाचे नुसते टवके उडत होते. वारा वाढला होता, डोंगर दिसेनासा होत होता.

"रेश्मा, पुरे."

"थोडंच राहिलंय मॅडम!"

"त्याचे ओठ बघ. उठव त्याला."

"तुमची शेवटची खेप..." ती हमसून रडली.

मॅडमनी तिच्या हातातून कुऱ्हाड काढून घेतली. "माझी शेवटची. तुझी नाही. बर्फ ठेवायला याहून चांगली जागा सांग मला." त्यांनी मेखेला लाल फडकं बांधून ती गोठल्या चहाच्या फटीत रोवली, ठिकाणाची नोंद केली, आणि एकदाही मागे न बघता पुढे निघाल्या.

वादळ अंगावर यायच्या आत तिघं बर्फगाडीत पोचले.

तळावरून रेश्मानं उपग्रहाच्या फोनवर भावाचा मोबाइल लावला. पौषी पौर्णिमा होती. पलीकडे जत्रेचा गलका, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज. तिनं बाबांना सगळं सांगितलं, अगदी चहासुद्धा.

"खुंटा हालला का?" कोंडूशेठनी विचारलं.

"नाय."

"मानूस सुकरूप हाय ना?"

"हाय. पण खुंटा तिथंच ऱ्हायला, बाबा."

"मग रडतं कशाला, पोरी? आमी तरी कुठं उपटतो? जत्रा सरली का तसाच ठेवतो. पुढल्या साली जाऊन उकरायचा. जागा आपलीच असते."

रेश्मानं हे मॅडमना सांगितलं. त्या खळखळून हसल्या. इतक्या दिवसांत त्यांना असं हसताना कुणी ऐकलं नव्हतं.

पुढच्या पौषातही रेश्माची जत्रा चुकली; मॅडम निवृत्त झाल्या होत्या, पण ती आणि संदेश पुन्हा घुमटावर होते. घुमटाचा बर्फ वर्षभरात सरकला होता, लाल फडकं पार गाडलं गेलं होतं. संदेशनं बऱ्या झालेल्या हातानं चर खणायला घेतला. दोनदा जागा चुकली. तिसऱ्यांदा फावड्याला तांबूस बर्फाचा टवका लागला.

"चहा," संदेश म्हणाला.

रेश्मा गुडघ्यांवर बसली. नळकांड्यावर दोराचा वळ उमटला होता. तिनं झाकण उघडून आत पाहिलं. काळी रेघ जिथल्या तिथं होती.