प्रार्थनेचा विषय

सुनेनं रंगीत खडूंचा डबा टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाली, “उद्यापासून बालवर्गावर येऊ नका म्हणाल्या मुख्याध्यापिका. पालकांना माझ्या आजाराचं कळलंय.”

तिच्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. “कळलं कसं? कुणाला सांगितलं होतंस तू?”

तिच्या सासूबाई, शिंपीणबाई, भाकरी वाढता वाढता थांबल्या. लग्नाआधी दोन महिने मनाच्या दवाखान्यात काढल्याचं पोरीनं नवऱ्याखेरीज एकट्या सासूला सांगितलं होतं... आणि तेही कधी? सासू गुडघ्यांवर बसून तिच्या झग्याची खालची पट्टी दुमडत असताना! ओठांत टाचण्या धरलेल्या असत तेवढाच वेळ बाईंचं तोंड बंद असे. एरवी मशीनपेक्षा त्यांची जीभच जास्त चाले. त्या मुकाट मान हलवत राहिल्या, आणि त्या भाबड्या जिवाला वाटलं, किती समजून घेतात आई!

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनासभेत “कुणाचा काही विषय?” असं विचारताच बाईंनी डोळे मिटून, गळा दाटून आणून सांगितलं होतं, “माझ्या सुनेच्या मनासाठी प्रार्थना करा गं... बिचारी दवाखान्यात होती.” चुगली म्हटली असती तर त्यांनी जीभ चावली असती, प्रार्थना म्हटल्यावर कोण अडवणार?

सुनेनं एकदाच सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं!

“मीच बोलून गेले असेन कुठंतरी,” ती नवऱ्याला म्हणाली. “जेवा तुम्ही.”

शरमेनं बाईंना मान वर करवेना. आपली अब्रू झाकायला पोरीनं दोष स्वतःवर घेतला... आपली!

“नाही रे,” त्या कशाबशा म्हणाल्या, “मी बोलले. मीच.”

मुलगा जेवण टाकून उठून गेला.

पुढच्या गुरुवारी त्या सभेत उभ्या राहिल्या. “विषय माझ्या जिभेचा आहे,” त्या म्हणाल्या. “सुनेचं सांगितलं ना, ते तिच्या काळजीनं नव्हतं. तुम्ही सगळ्या माझ्याकडे वळून बसलात, ते मला गोड लागलं... प्रभूचं नाव पुढं करून मी माझ्याच लेकीला उघडं पाडलं! ती बरी आहे गं. तुमची मुलं तिच्या मांडीवर गाणी शिकलीत.”

तिथून त्या मुख्याध्यापिकेच्या दारात गेल्या आणि तेच पुन्हा सांगितलं. उत्तर मिळालं, “बघू.”

घरात कितीतरी दिवस ‘वाढू का’ आणि ‘पुरे’ एवढंच बोलणं होतं. मग एका दुपारी सून तोच झगा घालून मशीनपाशी आली.

“आई, कमरेत घट्ट होतोय. थोडा सैल करून द्याल?”

बाई गुडघ्यांवर बसल्या, ओठांत टाचण्या धरल्या. सून जरा घुटमळली, मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली वाकली आणि कानाशी काहीतरी बोलली. काय, ते इथं सांगायचं नाही.

“यांनाही अजून सांगितलं नाही,” ती पुटपुटली. “आधी तुम्हाला.”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं... पण ओठ उघडले नाहीत.

गुरुवारी पाळकांच्या बायकोनं विचारलं, “शिंपीणबाई, आज काय विषय?”

सगळ्या वळून बसल्या. आनंद अगदी जिभेच्या टोकावर आला होता!

“मागचाच,” त्या म्हणाल्या, “अजून गरज आहे.” आणि त्यांनी मान खाली घातली.