भट्टीच्या मजल्यावरून आलेलं उत्तर

मला ही गोष्ट रंगवून सांगायची असती तर मी रात्र घेतली असती. अमावस्या घेतली असती.

पण हे घडलं सकाळी अकरा वाजता. डोळे दिपतील अशा लख्ख उन्हात.

आणि ज्यांच्या बाबतीत घडलं ती माझी सख्खी मावशी आणि सख्खा मामा आहेत. दोघंही धडधाकट आहेत. एकमेकांशी बोलतातही... म्हणजे, तसं बोलतात.

सहा वर्षांपूर्वीचा मार्च महिना. सोमवार ते गुरुवार, फक्त चार दिवस.

मावशी एका उन्हाच्या कारखान्यात होती. आम्ही घरात असंच म्हणायचो. उघड्या माळावर दोन हजार आरसे आणि मधोमध एक उंच मनोरा. सगळे आरसे मिळून मनोऱ्यावरच्या भट्टीवर ऊन फेकायचे. भट्टीत जाळीसारखा एक खास दगड. तो चौदाशे अंशांपर्यंत तापला की आपल्यातला प्राणवायू सोडतो. मग ऊन काढून घ्यायचं, तो जरा निवू द्यायचा आणि त्यावर वाफ नि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. दगड त्यांतला प्राणवायू ओढून घेतो. उरलेल्या वायूचं पुढे इंधन करतात. ना कोळसा, ना खनिज तेल.

मावशी खालच्या कंट्रोल रूममध्ये बसायची. ऊन चढवायचं बटण तिच्या हातात.

गंमत वाटते ना ऐकायला? पण ऊन चढताना भट्टीच्या मजल्यावर माणूस असेल, तर तो जळायला मिनिटही लागणार नाही.

म्हणून दोन नियम होते. मनोऱ्याच्या पायथ्याशी फळीवर प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला. वर जाताना आपला काढून न्यायचा, उतरल्यावर परत लावायचा. फळी भरलेली म्हणजे सगळे खाली. दुसरा नियम, ऊन चढवण्याआधी मावशीने कर्ण्यावरून तीनदा विचारायचं, "वर कोणी आहे का?"

हाकेपुरता वरचा आवाजही त्याच कर्ण्यातून खाली यायचा. उत्तर आलं नाही तरच बटण.

सोमवारी तिने विचारलं. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा...

"आहे."

अगदी हळू. बाई की पुरुष, तेही कळेना.

मावशीने हात मागे घेतला. कॅमेऱ्यात फळी पाहिली. फळी भरलेली! माझा मामा, तिचा धाकटा भाऊ, तिथेच मेकॅनिक होता. तो वर जाऊन आला.

"कोणी नाही, ताई," तो हसत म्हणाला. "भूत असेल तर त्याचाही एक बिल्ला करून घेऊ."

एकदा थांबलं की सगळी तपासणी होईपर्यंत दुपार उलटायची. तो दिवस वाया गेला.

मंगळवारी तेच... बुधवारीही तेच. फळी भरलेली, मजला रिकामा, आणि तिसऱ्या हाकेला, "आहे."

आता संशय कुणावर जाणार? मामा म्हणजे जन्माचा खोडकर. कर्ण्याची वायर त्यानेच जोडलेली. आणि तिन्ही दिवस नेमका त्याच वेळी तो कुणाच्या नजरेसमोर नव्हता.

साहेबांनी मावशीला बोलावून घेतलं.

"बाई, तुमच्या शब्दावर घेतलं त्याला. उद्या ऊन चढलं नाही तर तो गेटच्या बाहेर. आणि त्याच्या मागोमाग तुम्ही. उद्यापासून कर्ण्यावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होईल."

मावशीचं डोकंच फिरलं. तिने मामाला कॅन्टीनच्या मागे गाठलं.

"छोट्या, लाज वाटत नाही? तुझा खेळ होतो, इथे माझा जीव जातो!"

"आईशप्पथ ताई, मी नाही."

"आईला मध्ये आणू नकोस. लहानपणीही अशाच शपथा घ्यायचास."

मामा सहा फुटी गडी, पण त्याचा चेहरा एवढासा झाला. तो निघून गेला. मावशीला तेव्हा त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. हे तिने स्वतः मला सांगितलंय.

गुरुवार.

मावशीला माहीत नव्हतं की मामा पहाटेच वर चढून बसला होता. हे जो कोणी करत होता, त्याला रंगेहाथ पकडायचं असं मामाच्या मनात होतं. बिल्ला नेला असता तर त्या माणसाला सुगावा लागला असता. म्हणून बिल्ला त्याने फळीवरच ठेवला.

इतक्या वर्षांत ही चूक कुणीच केली नव्हती.

तिसरी हाक झाली की ओरडून बाहेर यायचं, असं त्याने ठरवलं होतं.

अकरा वाजले. साहेब मावशीच्या पाठीमागे उभे होते. कॅमेऱ्यात फळी भरलेली.

"वर कोणी आहे का?"

शांतता.

"वर कोणी आहे का?"

शांतता...

"वर कोणी आहे का?"

या वेळी मावशी श्वास रोखून ऐकत होती.

"कोणी नाही."

अगदी स्पष्ट.

साहेब वैतागले. "ऐकलंत? पोरकटपणा नुसता! फळी भरलेली आहे. चढवा ऊन."

मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला. छोट्या अजूनही चेष्टा करतोय! तिने बटण दाबलं.

मनोऱ्यावर भोंगा सुरू झाला. तो भट्टीच्या मजल्यापुरताच असतो, खाली ऐकू येत नाही. आरशांची पहिली रांग वळली. मग दुसरी.

मामाला चार शब्द सुनवावेत म्हणून मावशीने वॉकीटॉकी उचलला.

"छोट्या, कुठे मेलायस? आधी इकडे ये."

पलीकडचं बटण दाबलं गेलं. खरखर झाली...

आणि भोंगा ऐकू आला.

नुसता भोंगा. मोठ्ठा, अगदी जवळचा.

मावशीने लाल बटणावर मूठ आपटली. तोवर तिसरी रांग वळली होती. आरसे माघारी फिरेपर्यंत अकरा सेकंद गेले. ते तिने मोजले नाहीत, नंतर यंत्रात दिसले.

साहेबच धावत वर गेले, मागोमाग मावशी. त्यांनी हात लावताच दार उघडलं.

मामा खांबाआड कोपऱ्यात मुटकुळं करून पडला होता. डावा हात कोपरापर्यंत भाजलेला, त्या बाजूचे केस गेलेले. पण जिवंत होता. मावशी त्याला मिठी मारून रडली, त्याने तिला रडू दिलं.

"दार उघडतच नव्हतं," तो म्हणाला. त्या दाराला कडी नाही. कुलूप नाही. कधीच नव्हतं.

"आणि तिसऱ्या हाकेला मी 'आहे' म्हणून ओरडलो, ताई. घसा फुटेस्तोवर. वॉकीटॉकीवरसुद्धा ओरडत होतो!"

वॉकीटॉकीवर त्याचा आवाज नव्हता. भोंगा होता, आवाज नव्हता.

आठवड्याने मामा दवाखान्यातून आला. साहेबांनी दोघांना बसवून रेकॉर्डिंग लावलं.

"वर कोणी आहे का?" मावशीचा आवाज. शांतता.

पुन्हा मावशी. शांतता.

तिसऱ्यांदा मावशी...

"कोणी नाही."

तोही मावशीचाच आवाज.

घाबरलेला नाही, रागावलेला नाही. एखाद्या कामाचं उत्तर द्यावं इतका साधा.

"मी नाही बोलले!" मावशी उभीच राहिली. "साहेब, तुम्ही माझ्या मागे होतात. सांगा ना याला!"

साहेबांनी रेकॉर्डिंग बंद केलं.

"मी पडद्याकडे बघत होतो, बाई."

मामाने आपली खुर्ची थोडी मागे घेतली.

मावशीने नोकरी सोडली. कारखाना चालू आहे. तिथे नंतर पुन्हा कधी आवाज आला नाही म्हणतात. पहिले तीन दिवस "आहे" कोण म्हणत होतं, ते कळलंच नाही. मला तर कधी कधी वाटतं, ते बिचारं मावशीला अडवत होतं... आणि चौथ्या दिवशीचं दुसरंच कोणीतरी होतं.

मामा सणावाराला मावशीकडे येतो. हसतो, जेवतो. पण घरात ती दोघंच असली तर दाराजवळची खुर्ची घेतो आणि दार उघडं ठेवतो. थंडी असली तरी.

मागच्या महिन्यात मी धीर करून मावशीपाशी हा विषय काढला. ती भाजी निवडत होती. सगळं सांगितलं, न रडता. शेवटी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"तूच सांग. मी म्हणाले असेन का रे तसं?"

मी लगेच 'नाही' म्हणायला हवं होतं. आईनंतर मला तिनेच वाढवलंय.

मी 'नाही' म्हणालो.

पण त्याआधी मी क्षणभर गप्प होतो... आणि ते तिच्या लक्षात आलं.