देवळाआधी सुटलेला घोडा

"आये, पट्ट्याक हात लावू नको!" निलेश असा कडाडला की अंगणातले ढोलसुद्धा गप्प झाले... आणि विमलचे हात हवेतच राहिले!

शिगम्याचा दिवस होता. गोव्यात डिचोलीकडच्या त्या वाड्यावर घोडेमोडणीचा पहिला मान विमलच्या नवऱ्याच्या, कृष्णनाथच्या घराण्याचा. लाकडी घोड्याचं तोंड पुढे, शेपूट मागे, मधे तलवार घेऊन नाचणारा माणूस. घोडा पट्ट्याने कमरेला करकचून बांधायचा, आणि एकदा बांधला की देवळाची फेरी पुरी होईपर्यंत सोडायचा नाही; सोडला तर मान गेला! तरुणपणी कृष्णनाथ नाचायचा तेव्हा मयेच्या तळ्यातले मासे काठावर येऊन बघत, म्हणे... त्यातले दोन-चार परत गेलेच नाहीत, नाच बघता बघता कुणाच्या तरी हुमणात, नारळाच्या कालवणात पोचले!

पण आता साठी उलटली होती, आणि गेल्या दीड वर्षापासून त्या माणसाला लघवी धड होत नव्हती. घटकेघटकेला उठायचं, ताटकळत उभं राहायचं, आणि थेंब थेंब... लाजेपायी त्याने आपलं अंथरूणही विमलपासून दूर सोप्यावर नेलं. एकदा धुण्यात तिला लाल डाग दिसला. तो रोग तर नसेल? त्याचं नाव घ्यायचीही तिची छाती होईना! "डॉक्टराकडे चला हो," म्हणून ती रडली, तेव्हा त्याने तिचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "कोणाक सांगलंस, तर माझा मेलेला तोंड बघशीत!"

म्हणून गेल्या शिगम्याला त्याने घोडा नाकारला तेव्हा तिनेच सगळं अंगावर घेतलं. "मीच नको म्हटलंय," म्हणाली. जाऊ रुक्मिणी चारचौघांत बोलली, "घरचो मान ह्या बायलेन खाल्लो!" वास्कोला बंदरात नोकरी करणाऱ्या निलेशने आईशी बोलणंच टाकलं. तिने सगळं गिळलं... पण भीती काही गिळवेना!

यंदा लेक मान राखायला आला, आणि त्याच्यासमोर बापाला "नको" म्हणवलं नाही. घोडा बांधल्यावर लघवीला जाता येणार नाही, म्हणून कृष्णनाथने आदल्या दिवसापासून पाणी तोडलं. वर सर्दी झालेली, नाचताना नाक गळू नये म्हणून दुकानातून गोळ्या आणून खाल्ल्या. विमलला हे सगळं दिसत होतं; अंगणात पट्टा सोडवायला गेलेले तिचे हात लेकाने अडवले, आणि ओठांवर शपथेचं कुलूप होतं!

मिरवणूक निघाली. अर्ध्या वाटेत कृष्णनाथ थबकला. तलवार गळाली, अंग थरथरू लागलं, डोळे फिरले, तोंडातून एक विचित्र हुंकार...

"अवसर इलो! देव अंगात इलो!" कुणीतरी ओरडलं. झालं! माणसांनी हात जोडले, ढोल दुप्पट जोराने वाजू लागले, रुक्मिणीने तर पुढे होऊन फुलं उधळली. देव आला म्हटल्यावर त्याला हात कोण लावणार?

विमलने त्याचा हात पाहिला. तो ओटीपोटावर आवळलेला होता. बोलावं तर शपथ मोडते, म्हणजे मरण... गप्प राहावं तर हे असं डोळ्यांदेखत! देवा, दोन्हीकडून माझंच कुंकू का रे?

"अवसर न्हय तो!" ती गर्दी फाडत किंचाळली. "मेल्यांनो, तेंची लघवी तुंबली हा! सोडा तो घोडो!"

रुक्मिणीच्या हातातली फुलं हातातच राहिली.

"देवळाआधी सोडशीत तर मान जातलो!" ती कशीबशी म्हणाली.

निलेशने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे... "जावंदे मान! बापूस चललो हा माझो!" म्हणत त्याने पट्ट्याची गाठ दातांनी ओढून सोडवली.

डिचोलीच्या इस्पितळात नळी घातली आणि पिशवी भरत गेली. पाऊण मांडवी नदी त्या पिशवीत उतरली, असं वाड्यावर अजून सांगतात!

"काका, इतके दिवस लपवलंत?" तरुण डॉक्टरीणबाई रागावली. "प्रोस्टेटची गाठ वयाने वाढते आणि लघवीची वाट दाबते. वर त्या सर्दीच्या गोळ्यांनी ती वाट आणखी आवळली. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती!"

"बाय... कॅन्सर?" विमलच्या तोंडून शब्द निसटलाच.

"बोटाने तपासलं, कडक काही लागलं नाही. पण रक्त गेलंय, तेव्हा सोनोग्राफी करू, दुर्बिणीने आत बघू. कॅन्सरसाठीची रक्ताची तपासणी आत्ता केली तर आकडा उगाच फुगून येईल, ती काही आठवड्यांनी. तोवर लघवीची वाट सैल करायच्या गोळ्या."

"त्या गोळ्यांनी..." कृष्णनाथ भिंतीकडे तोंड करून पुटपुटला, "बायलेच्या बाजूक निजाक..."

"काही फरक पडला तर मला सांगा. त्यावरही उपाय असतात, लाजायचं नाही!"

साठीचा माणूस लाल झाला, आणि विमलने पदर तोंडावर घेतला.

बाहेर निलेश तिच्या पायांवर कोसळला. "आये, मी वर्षभर तुका तोडलंय... आणि तू..."

"ऊठ रे बाबू," तिने त्याला छातीशी धरलं. "माका रागावलंस ता बरा झाला. तेंका रागावलं असतंस तर ते त्याच दिवशी मेले असते."

चार दिवसांनी नळी काढली. आपली आपण लघवी झाली तर घरी, नाही झाली तर पुन्हा नळी, मग बहुतेक ऑपरेशन. कृष्णनाथ संडासात गेला, आणि दाराबाहेर विमल, निलेश, रुक्मिणीसुद्धा, श्वास रोखून कान देऊन उभी! आत काहीच आवाज नाही. रुक्मिणीने डोळे मिटून हात जोडले. विमलने कान दाराला टेकवला...

आणि मग बारीक, चाचरती, तुटत तुटत... धार!

"विमल!" आतून आवाज आला. वर्षभर तिच्यापासून तोंड लपवणारा तो माणूस सगळ्यांदेखत हाक मारत होता! "गे विमल... आयकतंस?"

रक्ताची तपासणी अजून बाकी होती. भीती काही गेली नव्हती... पण ती आता एकट्या विमलची नव्हती.

"आयकतंय हो!" ती हुंदक्यांतून हसली. "सगळेच आयकतत... तुमी सावकाश करा!"